मामाचं नाटक पुन्हा बसवताना

मामाच्या नाटकांचं एकही चित्रीकरण नाही. प्रयोगाला कॅमेरा आणायला त्याची सक्त मनाई असायची. पालक कुरकुरायचे, पण मामा बधायचा नाही. फ्लॅश पडला की मुलांचे डोळे दिपतात आणि पुढची दोन वाक्यं हातची जातात, हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की कॅमेरा धरलेला बाप नाटक बघत नाही, फक्त आपलं पोर बघतो. त्यामुळे मामा गेला तेव्हा हायस्कूलमधल्या त्याच्या इतक्या वर्षांच्या कामातलं दाखवण्यासारखं आमच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं. पडदा पडल्यावर काढलेले काही समूहफोटो तेवढे होते. त्यात तोंडाचा रंगही न पुसलेली, घामाघूम झालेली मुलं आहेत आणि मामा कुठेच नाही. तो तोवर नेपथ्य उतरवायला गेलेला असायचा.

मामा शाळेत भूगोल शिकवायचा. नाटक हा त्याचा विषय नव्हता, तासिकाही नव्हती. शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीची मुलं हॉलमध्ये जमायची आणि तालीम सुरू व्हायची. मी त्याच शाळेत होते, त्यामुळे हॉलच्या दारातून आत गेलं की तो माझाही ‘सर’ व्हायचा आणि घरी जाताना रस्त्यात पुन्हा मामा. मी कधी रंगमंचावर उभी राहिले नाही. मी प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून, हातात संहिता धरून मी त्याची नाटकं बघितली, म्हणजे कायम बाजूनेच बघितली.

त्याच्या शोकसभेत सगळे मनापासून बोलले. पण मला आठवतं ते भाषणं संपल्यावर खुर्च्या आवरताना झालेलं भांडण. मामाने स्वतः लिहिलेलं एक दोन अंकी नाटक होतं. नदीकाठच्या गावात पूर येतो आणि गावात उंचावरचं घर एकच असतं. त्या घरात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, एवढीच त्याची गोष्ट. नाटकातली नदी म्हणजे लांबच लांब निळं कापड आणि ते दोन्ही कडांनी धरून हलवणारी मुलं. हीच मुलं नदीच्या तोंडची वाक्यं एका आवाजात बोलायची. शोकसभेला आलेल्यांपैकी एक जण त्यात नावाडी झाला होता. तो म्हणाला, ‘नदी उजवीकडून आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.’ त्यावर नदीतली एक बाई म्हणाली, ‘उजवीकडून कशी? डावीकडून. मीच पुढे होते.’ तिसऱ्याचं म्हणणं वेगळंच, की नदी प्रेक्षकांमधून आली होती. तिघांचेही आवाज चढले. ज्या सरांसाठी थोड्या वेळापूर्वी डोळे पुसत होते, त्यांच्याच नाटकावरून माणसं हमरीतुमरीवर आलेली बघून मला फार बरं वाटलं. त्या दिवसातली जिवंत अशी तेवढीच गोष्ट होती.

तिथेच ठरलं, की हे नाटक पुन्हा करायचं आणि सरांनी बसवलं होतं तसंच्या तसं करायचं.

मामीने लोखंडी ट्रंक माझ्या स्वाधीन केली. प्रॉम्प्टर मी, म्हणून संहिताही माझ्याकडे, हा तिचा साधा हिशेब. ट्रंकेत मामाच्या दिग्दर्शनाच्या प्रती होत्या. संहितेची पानं सुटी करून त्याने ती जाड लांब वहीत डकवली होती. उजव्या पानावर संवाद, समोरच्या डाव्या पानावर रंगमंचाचा आराखडा. आराखड्यात पात्रांची आद्याक्षरं गोलात लिहिलेली, कोण कुठून कुठे जातो त्याचे बाण, आणि बाण संवादातल्या नेमक्या कोणत्या शब्दावर सुटतो ते दाखवणारा आकडा. समासात प्रकाशाचे क्यू, संगीताचे क्यू, म्हणजे दिवा किंवा सूर नेमका कधी द्यायचा त्याच्या खुणा. मागे वर उतार चढत जाणारे रंगमंच पूर्वी असायचे, म्हणून आजही सपाट रंगमंचावर मागच्या भागाला ‘अप’ आणि पुढच्याला ‘डाउन’ म्हणतात, हे त्याने आम्हाला भूगोलाच्या सरांना शोभेल अशा थाटात, फळ्यावर उताराचा छेद काढून शिकवलं होतं. वहीतही तीच भाषा होती. ती मला येत होती.

येत नव्हती ती एकच खूण. नदीच्या संवादांवर ठिकठिकाणी बारीक त्रिकोण काढले होते, काही भरीव आणि काही पोकळ. क्रमांक नाही, बाण नाही. मी ते प्रकाशाच्या यादीशी ताडून पाहिले, संगीताशीही पाहिले. कशाशीच जुळेनात. शेवटी नदीतल्या त्या बाईंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि ते पान मोठ्याने वाचायला लागल्या. भरीव त्रिकोण आला की त्या थांबून श्वास घेत होत्या आणि पोकळ त्रिकोणावरून सरळ पुढे जात होत्या. आपण असं करतोय हे त्यांना स्वतःला कळलंसुद्धा नव्हतं. मी सांगितल्यावर त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, ‘आम्ही अर्ध्या जणी इथे श्वास घ्यायचो, अर्ध्या जणी तिथे. सर म्हणायचे, नदीला दम लागत नाही.’ सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला तर समूहाचा आवाज मध्येच तुटतो. दोन गटांनी आळीपाळीने घेतला तर ऐकणाऱ्याला तो अखंड वाटतो. मामाने नदीतल्या प्रत्येक मुलीचा श्वास वहीत मांडून ठेवला होता, आणि एवढ्या वर्षांनंतरही तो त्यांच्या छातीत जागच्या जागी होता.

त्यानंतर मी जुन्या मुलांना नुसतं ‘काय आठवतं?’ असं विचारणं सोडून दिलं. तसं विचारलं की माणसं किस्से सांगतात. त्याऐवजी फरशीवर खडूने रंगमंच आखायचा, त्यांना उभं करायचं आणि मी विंगेतून द्यायचे तसं आधीचं वाक्य द्यायचं. पाय आपोआप हलायचे. म्हातारी झालेली मुलगी, आता स्वतः आजी, ‘मला काहीसुद्धा आठवत नाही गं’ म्हणत उभी राहिली आणि वाक्य कानावर पडताच दोन पावलं मागे सरून उजव्या हाताने पदर सावरू लागली. वहीत त्या जागी लिहिलं होतं: ‘म्हा. दोन पावलं अप, पदर.’

आता भांडणाचा निकाल. वही नीट उलगडली तेव्हा दिसलं, की आराखड्यांवर तीन वेगवेगळ्या लिखाणांचे थर आहेत: पेन्सिल, निळी शाई आणि लाल शाई. मामाने हे नाटक तीन वेळा, तीन वेगळ्या तुकड्यांबरोबर केलं होतं आणि दर वेळी वेगळं बसवलं होतं. पेन्सिलीत नदी प्रेक्षकांच्या उजव्या हाताने येते, कारण त्या वर्षीचा नावाडी डावखुरा होता. वल्हं प्रेक्षकांच्या बाजूच्या हातात आलं की दंड आणि खांदा चेहऱ्याच्या आड येतात, म्हणून होडीचं तोंडच फिरवलेलं, आणि होडीसमोर यायला हवी म्हणून नदीही. निळ्या शाईत नावाडी उजव्या हाताचा, तेव्हा नदी डावीकडून. लाल शाईच्या वर्षी हॉलची दुरुस्ती चालू होती, प्रयोग मैदानात झाला. तिथे विंगाच नव्हत्या. मग नदी प्रेक्षकांमधून आणली. म्हणजे तिघंही खरं बोलत होते.

आणि तिथेच आमचा ‘तसंच्या तसं’ हा बेत संपला. कुठल्या तसंच्या तसं? ज्या माणसाने एका मुलाच्या डाव्या हातासाठी अख्खी नदी फिरवली, त्याचं नाटक जसंच्या तसं करायचं म्हणजे नक्की काय करायचं? यावर आम्ही बरंच बोललो. शेवटी ठरलं, की आपण मोठ्यांनी रंगमंचावर उभं राहायचंच नाही. शाळेतल्या आत्ताच्या मुलांबरोबर नाटक करायचं आणि प्रत्येक जुन्या नटाने आपली भूमिका नव्या मुलाच्या हाती द्यायची. शाळेने हॉल दिला, दोन शिक्षिका आनंदाने तालमींना बसू लागल्या.

सुरुवातीच्या तालमी मात्र जड गेल्या. जुने नावाडी नव्या नावाड्याला करून दाखवत होते. या वेळी नावाडी एक मुलगी होती, नववीतली, आवाजाला खर्ज असलेली. ती हुबेहूब उचलायची आणि नेमकं तेच खटकायचं. पन्नाशीतल्या माणसाची खांद्याची ढब चौदा वर्षांच्या अंगावर आली होती. वहीच्या पहिल्याच पानावर मामाने ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलंय, ‘करून दाखवू नये. विचारावे.’ ते वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं, पण त्याची गरज आत्ता लागली.

विचारायचं काय, तेही वहीत होतं. शेवटच्या पानांवर प्रत्येक पात्रासाठी प्रश्न आहेत. नावाड्यासाठी: होडीत आत्ता पाणी किती आहे? वल्हं मारून हात नेमका कुठे दुखतो? तो म्हणतो मी पैसे घेत नाही, खरंच घेत नाही का? मुलीला पहिला प्रश्न विचारला, तर ती खाली बघून म्हणाली, ‘घोट्यापर्यंत.’ आणि पुढचं वाक्य बोलताना तिने एक पाय किंचित वर उचलून ठेवला. हे कुणीही तिला दाखवलेलं नव्हतं. जुने नावाडी माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मामाच्या तालमीत होतं ते हे. त्याच्याकडे प्रश्न असायचे आणि उत्तर मुलाकडून येईपर्यंत थांबायची तयारी असायची. कधी कधी अख्खी तालीम एका उत्तरावर थांबून राहायची आणि तो खुर्चीत शांत बसून राहायचा. शिक्षकाने एवढं थांबणं मी दुसऱ्या कुठल्याही वर्गात पाहिलं नाही.

पहिल्या दिवसांत तो संहिताही देत नसे. गोष्ट सांगायचा आणि म्हणायचा, आता तुमच्या शब्दांत बोला. यामागचा इतिहास तो दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगायचा. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं प्रसंग ध्यानात ठेवून स्वतःच्या शब्दांत बोलायची. लिहिलेले संवाद पाठ करण्याची पद्धत नंतर आली. मामाचं म्हणणं, मराठी नाटक ज्या क्रमाने चाललं त्याच क्रमाने मुलांनी चालावं. आधी प्रसंग कळू दे, मग लेखकाचे शब्द. आम्हीही तसंच केलं. संहिता उशिरा हातात पडली आणि पाठांतर झपाट्याने झालं.

उच्चारांबाबत तो हट्टी होता. माइक लावू द्यायचा नाही. त्याचा सगळा भर वाक्याच्या शेवटावर. मुलं वाक्य जोरात सुरू करतात आणि शेवट गिळतात. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, तेव्हा शेवट गिळला की आला का गेला, दिलं का नाकारलं, हेच कळत नाही. वहीत कितीतरी क्रियापदांखाली रेघ आहे. आणि हॉल मोठा असेल तर मागच्या रांगा तो सरळ काढून टाकायचा. भरताने नाट्यशास्त्रात मध्यम आकाराच्या नाट्यगृहाचं माप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितलं आहे, आणि त्याहून मोठ्या मंडपात आवाज विरतो, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असंही म्हटलंय. मामाने आमचा हॉल हाताने मोजायला लावला होता, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आम्ही पोरं फरशीवर रांगत मापं घेत होतो. या वेळीही मुलांना तेच करायला लावलं आणि मागच्या खुर्च्या त्यांनीच उचलल्या.

प्रकाशाने आम्हाला बराच वेळ अडवलं. मामाच्या नोंदी जुन्या हॅलोजन दिव्यांच्या आणि हाताच्या डिमरच्या. पुराच्या रात्री दिवे हळूहळू उतरवत आणायचे, असं लिहिलेलं. आता हॉलमध्ये एलईडी आहेत. नोंदीप्रमाणे उतरवले तर रात्र नुसती मंद व्हायची, तिला ऊब येईना. कारण कळायला वेळ लागला. तापलेल्या तारेचा दिवा मंद करत नेला की तार थंड होते आणि उजेड पिवळा, मग तांबूस होत जातो. एलईडी उतरवला तर रंग तोच राहतो. शेवटी उतरत्या पांढऱ्या उजेडाबरोबर अंबर, म्हणजे पिवळसर केशरी रंगाचा दिवा, थोडा थोडा चढवत नेला, तेव्हा त्या उंच घरातला कंदील जळतोय असं वाटायला लागलं.

संगीत कॅसेटवर होतं. प्रत्येक क्यूची वेगळी कॅसेट, पेन्सिलीने फिरवून नेमक्या जागी आणून ठेवलेली, म्हणजे बटण दाबताच सूर यावा. काही कॅसेटमधला फितीला दाबून धरणारा छोटा नमदा गळून पडला होता. त्या उघडून फीत दुसऱ्या आवरणात घालून आवाज उतरवून घेतला. पुराच्या आवाजाची कॅसेट ऐकताना अगदी सुरुवातीला मामाचा आवाज आला: ‘हं, सुरू.’ एवढंच, आणि मग पत्र्यावर तांदूळ ओतल्यासारखा पाऊस.

तो आवाज प्रयोगात ठेवावा, असं काहींचं मत पडलं. सुरुवातीला अंधार, ‘हं, सुरू’, आणि मग पडद्यावर मामाचा फोटो. मामीला विचारलं. ती म्हणाली, ‘फोटो घरी आहे. मुलांना त्यांचं नाटक करू दे.’ विषय तिथेच मिटला. आवाजाची प्रत मी मामीला दिली.

वहीतलं एक पान मात्र मी तालमीत कुणाला दाखवलं नाही, इथे सांगते. निळ्या शाईच्या वर्षी प्रॉम्प्टर मी होते. तालमीच्या सूचनांच्या यादीत, नावाडी, म्हातारी, नदी यांच्याखाली माझी एक ओळ आहे: ‘प्रॉम्प्टर – काय सांगायचे ते इथेच, सगळ्यांसमोर. घरी नाटकाचा विषय नको. घरी ती भाची.’ मला कधी कळलंच नव्हतं, की हे त्याने ठरवून केलं होतं. घरी तो माझ्याशी झाडांबद्दल बोलायचा, नकाशे दाखवायचा, गणितं सोडवून घ्यायचा. तालमीत माझं चुकलंमाकलं किंवा छान झालं तरी घरच्या पंगतीत त्याचा कधी उल्लेख नाही. मला वाटायचं, घरी आल्यावर त्याच्या डोक्यातून नाटक जातं. जात नव्हतं. ते तो माझ्यासाठी दाराबाहेर ठेवत होता. मला त्या रात्री खूप रडू आलं. तो गेल्यावर पहिल्यांदाच इतकं.

प्रॉम्प्टिंग त्यानेच मला शिकवलं होतं. शब्द देणं सोपं, कधी द्यायचा नाही ते कळणं अवघड. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे तोंडाकडे बघून कळत नाही, श्वासाकडे बघून कळतं. थांबलेल्याचा श्वास चालू असतो, विसरलेल्याचा अडकतो. या वेळी विंगेतल्या स्टुलावर आठवीतली एक मुलगी होती. तिला मी एवढंच शिकवलं. बाकी तिला माझ्यापेक्षा जास्त येतं.

प्रयोग ५ नोव्हेंबरला झाला. तिसरी घंटा वाजली, पडदा वर गेला. नावाडी झालेली मुलगी उजव्या हाताची, तेव्हा निळ्या शाईप्रमाणे नदी डावीकडून यायला हवी होती. पण मुलांनी तालमीत वेगळंच शोधलं होतं. पहिल्या अंकात कापड उंच घराच्या खिडकीतून खाली सोडलं, म्हणजे नदी घरातूनच आल्यासारखी दिसली. ‘ज्यांनी दार लावलं, पूर त्यांच्याकडूनच आला ना?’ असं नदीतल्या एका मुलाने तालमीत विचारलं होतं. त्याला ‘नाही’ म्हणणारं आमच्यात कुणी नव्हतं. पहिल्या रांगेत जुने तिघं शेजारी शेजारी बसले होते. खिडकीतून निळं कापड उतरताना बघून ते एकमेकांकडे वळले आणि तिघंही हसले. मी विंगेच्या मागे उभी होते, म्हणजे याही वेळी मी नाटक बाजूनेच पाहिलं.

या चौथ्या तुकडीच्या हालचाली मी हिरव्या शाईने वहीत उतरवल्या आहेत. खिडकीचा आराखडा आठवीतल्या त्या प्रॉम्प्टर मुलीने काढलाय. वही आता शाळेत, तालमींना बसणाऱ्या दोघी शिक्षिकांकडे असते. तिची स्कॅन केलेली प्रत माझ्याकडे आहे.

ट्रंकेत अजून काही नाटकं आहेत. त्यातल्या एका वहीला वाळवी लागलीय आणि दुसऱ्या अंकाची बरीच पानं गेलीत. मुलांना पुढच्या वर्षी नेमकं तेच हवंय. त्या तुकडीतले लोक आता शोधतोय. पोस्टमन झालेला मुलगा सापडला, त्याला स्वतःची सगळी वाक्यं येतात, पण समोरचा काय म्हणायचा ते येत नाही. समोरची मुलगी परदेशी आहे. रविवारी दोघांना एकत्र फोनवर घेणार आहोत. मी पहिल्या अंकाचं शेवटचं वाक्य देईन, पुढचं त्यांनी बोलायचं.